वहिनीच्या गाठीचा आकडा

वहिनीच्या गाठीचा एक आकडा कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून आहे आणि तो आम्हाला सांगत नाहीत. दोन वर्षं झाली, मला ते अजून खुपतं.

स्तनात गाठ, बायोप्सी, रिपोर्टवर ‘ट्रिपल निगेटिव्ह’, मग केमो. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आली. काढलेल्या गाठीत सीएक्ससीआर-४ नावाचा केमोकाइन रिसेप्टर किती आहे, हे संशोधनासाठी मोजणार होते. “वन्सं, करू ना सही?” वहिनीने विचारलं. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून प्रश्न मला. “कर,” म्हटलं.

मग मी वाचत सुटले. केमोकाइन म्हणजे पेशींना बोलावून घेणारी प्रथिनं. पांढऱ्या पेशी त्यांच्याच मागाने जातात. २००१ साली ‘नेचर’मध्ये आलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर हा रिसेप्टर भरपूर असतो, आणि त्याला साद घालणारं सीएक्ससीएल-१२ नेमकं फुप्फुसात, यकृतात, अस्थिमज्जेत, लसिकाग्रंथींत जास्त. हा आजार जिथे पसरतो, नेमक्या त्याच जागा! उंदरांमध्ये हा रिसेप्टर अडवला तर आजार कमी पसरला. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की ज्यांच्या गाठीत तो जास्त, त्यांचं पुढचं भवितव्य सरासरीने वाईट. त्या रात्री मला झोप लागली नाही.

निकाल मागायला मी तीनदा गेले. पहिल्यांदा “मॅडम रजेवर आहेत.” दुसऱ्यांदा “अर्ज द्या.” अर्ज दिला, पोच घेतली. तिसऱ्यांदा पाऊण तास बाकावर बसवून सांगितलं, संशोधनातला निकाल पेशंटला देत नाहीत. पुढे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून वहिनीच्या गाठीचा ब्लॉक ताब्यात मिळाला. प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटवर पांढरट मेण, मेणात करडा तुकडा, कडेला पेन्सिलीने नंबर. वरची बाजू तासून गुळगुळीत झालेली. तिथूनच पातळ काप काढले होते, मोजणीही त्यांवरच झाली असणार. वहिनीच्या अंगातला तुकडा माझ्या तळहातावर होता, त्याची माहिती मात्र परक्याची!

दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. प्रत्येक लॅबची ‘जास्त’ची रेघ वेगळी, ही नेहमीची तपासणी नाही, आकडा कळला तरी वहिनीचे उपचार बदलणार नाहीत. हा रिसेप्टर अडवणारं प्लेरिक्साफोर नावाचं औषध आहे, पण ते मज्जेतल्या मूळपेशी रक्तात आणण्यासाठी वापरतात, स्तनाच्या कॅन्सरसाठी नाही. मला सगळं पटलं. रिक्षात बसेपर्यंत पुन्हा राग आला.

संमतीच्या कागदावर घाईत सही करू नका, तो घरी नेऊन वाचा, असं मी आता भेटेल त्याला सांगते. आमची प्रत परवा फाइलमध्ये सापडली. दुसऱ्या पानावर स्वच्छ मराठीत छापलंय: वैयक्तिक निकाल कळवला जाणार नाही. ते पान मी वहिनीला वाचून दाखवलंच नव्हतं.

तिने आकडा एकदाही विचारलेला नाही. गेल्या आठवड्यात तिला खोकला झाला, एक्स-रे साफ आला. त्याच रात्री मी पुन्हा अर्ज लिहिला.