सोयरसुतक

“मला त्याचं काही सोयरसुतक नाही,” असं आपण किती सहज म्हणून जातो. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दाची फोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात मूल जन्मलं की भावकीला लागतं ते सोयर. माणूस गेला की लागतं ते सुतक. ज्याच्यासाठी ही दोन्ही पाळावी लागतात, तो आपला. बाकीच्यांच्या घरी पाळणा हलला काय आणि तिरडी उठली काय!

आम्ही ख्रिस्ती. आम्हाला सोयर नाही, सुतकही नाही. दहावं नाही, तेरावं नाही, शिवाशिव नाही. शास्त्राच्या बाजूने बघितलं तर आमच्याइतकं मोकळं कुणी नाही. आणि तरीही नेवासे तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावात कुणी गेलं की रात्री दोन वाजतासुद्धा माणसं सतरंज्या, कंदील आणि ढोलकी घेऊन बाहेर पडायची. ढोलकी कशाला, असं नव्या सुना विचारत. रात्र काढायची तर भजनं हवीत, आणि भजनाला ठेका हवा.

याची मुळं मी माझ्या घरात शोधते. माझे पणजोबा गावचे येसकर. महारकीच्या कामांतलं एक काम मयताचा सांगावा नेण्याचं. गावात कुणी मोठं माणूस गेलं की त्याच्या लेकी जिथे जिथे दिलेल्या, त्या गावांना ऊन-पाऊस न बघता चालत जायचं. घुंगराची काठी आपटत वाड्याबाहेर उभं राहायचं आणि तिथूनच सांगायचं. आत हंबरडा फुटायचा. मग कुणी भाकरी टाकली तर ती घेऊन माघारी फिरायचं. साऱ्या पंचक्रोशीच्या मरणाची खबर ज्याच्या पायांनी फिरे, त्याच्या स्वतःच्या दारात मरण आलं तर वेशीच्या आतलं कुणी फिरकत नसे. हलगी वाजवणाऱ्या मांगाची लग्नात तीच तऱ्हा. वऱ्हाड त्याच्या तालावर नाचायचं आणि पंगत त्याच्याशिवाय बसायची.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं केलं. आमच्या घरापर्यंत येशू पोचायला त्यानंतर कित्येक वर्षं गेली. दुष्काळात धान्यासाठी बाटले, असं लोक आमच्याबद्दल म्हणतात. असतीलही काही. भुकेल्याने भाकरी घेतली यात लाजण्यासारखं काय, हे मला अजून कळलेलं नाही. पण माझी आजी सांगायची ती गोष्ट भाकरीची नव्हती. तिचा थोरला भाऊ लहानपणीच तापाने गेला. तेव्हा पाळकसाहेब आणि तीन गावची मंडळी चालत आली होती. “आपला सांगावा ऐकून बी कोणी आलं,” एवढंच ती म्हणायची. म्हातारपणी बाकीचं सगळं विसरली, हे विसरली नाही.

वरच्या जातींतून आलेल्यांचा हिशेब उलटा. त्यांचं होतं ते तुटलं. जुन्या शास्त्रात पतिताच्या नावाने तो जिवंत असतानाच घट फोडायचा विधी होता, घटस्फोट. आता तो शब्द नवरा-बायकोच्या कज्ज्यापुरता उरला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी. मधल्या काळातली फरफट लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. ते पुस्तक मी वर्गात शिकवलं तेव्हा मुलं हसायची, मीही हसायचे. आता वाचताना वेगळंच दिसतं. तुटलेल्या सोयरसुतकाच्या जागी ही बाई नवं विणत बसलेली दिसते. बालकवी ठोंबरे त्यांच्या भावकीतले नव्हते की धर्माचे नव्हते, पण त्यांच्या घरात मुलासारखे राहिले. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. त्यांचं सुतक टिळकांच्या घराने कुठल्या शास्त्राने पाळलं असेल?

आमच्या मंडळीत एक बायबलबाई होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मयताच्या घरी त्या येत, मेलेल्याच्या आईच्या किंवा बायकोच्या पाठीवरून एकदा हात फिरवत आणि मागच्या पडवीत जाऊन लसूण सोलायला बसत. प्रार्थना करायला दुसरे असायचे, वचन सांगायला तर फारच असायचे. “देवाची इच्छा”, “तो चांगल्या जागी गेला” हे ऐकवणाऱ्यांची रांग लागे. मावशी तोंडातून शब्द काढत नसत. त्या घरची चूल बंद असायची. शेजारणी मिळून पिठलं-भाकरीचा कडू घास करत आणि त्याला लागेल तेवढा लसूण मावशींच्या पदरात सोललेला तयार असे.

बायबलातल्या ईयोबाचे तिघे मित्र आठवा. त्याचे हाल बघून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग बोलायला लागले आणि घोळ झाला. लसूण सोलत बसले असते तर पुस्तक बरंच आटोपशीर झालं असतं.

दुःखाचं असं आम्हाला साधलेलं आहे. पेटी कुणी करायची, कबर कुणी खणायची, सासरच्यांना फोन कुणी करायचा, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. अवघड आहे ते दुसरंच. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो, आणि त्यात आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करणं आधी येतं, रडणाऱ्यांबरोबर रडणं मागून. चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोमने या क्रमावर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं की, दुःखी माणूस बघून दगडालाही पाझर फुटतो. दुसऱ्याचं भलं झालेलं बघताना पोटात काही न दुखणं, त्याला मोठं मन लागतं. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण आमच्या गल्लीत राहून गेल्यासारखा बोलतो.

माझा मुलगा एमपीएससीला तिसऱ्यांदा नापास झाला, त्याच निकालात माझ्या मैत्रिणीचा मुलगा फौजदार झाला. दोघं एकाच खोलीत अभ्यास करत होते, माझ्याच हातचा चहा पीत होते. रविवारी तिच्या घरी उपकारस्तुतीची सभा. मी गेले. मागच्या रांगेत बसले. गाणी इतरांपेक्षा चढ्या आवाजात म्हटली, म्हणजे कुणाला शंका यायला नको. पेढा तोंडात टाकला तो गिळेना. तिचा नवरा गेला तेव्हा मी तीन दिवस तिच्याकडेच होते, माझ्या घरी गेले नव्हते. या वेळी मात्र चाळीस मिनिटांत मला घरी दूध तापत ठेवल्याचं आठवलं. दूध कसलं? घरी म्हैस नाही, फ्रिजमध्ये पिशवी होती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. प्रार्थनेतसुद्धा आडवळणाने सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी, येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नाची गोष्ट वाचत होते. हजार वेळा वाचलेली. या खेपेला मी येशूजवळ थांबले नाही की सहा दगडी रांजणांजवळही नाही, मरीयेपाशी अडकले. द्राक्षारस संपल्याचं भोजनकारभाऱ्याला माहीत नाही, नवरदेवाला माहीत नाही, हिला कसं कळलं? ती पाहुणी म्हणून पुढे पाटावर बसली असती तर कळलं नसतं. ती मागे होती, जिथे भांडी असतात, जिथे काय कमी पडलं ते आधी कळतं. शुभवर्तमानात योहानाने हे लिहिलेलं नाही, हे मीच म्हणते आहे. पण लग्नघरात राबलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

मैत्रिणीच्या फौजदाराचं लग्न मे महिन्यात ठरलं. आदल्या दिवशी दुपारीच मी तिच्याकडे गेले. अंगणात मांडव, आत पाहुणे, मागच्या दाराशी मटणाची तयारी. परातीत लसणाचा ढीग होता. मी खाली बसले. तिने मला पाहिलं, क्षणभर थांबली. माझ्या मुलाचं तिने काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. तिने पायानेच दुसरी पाटी माझ्याकडे सरकवली.

“हा पण घे,” ती म्हणाली, “चारशे माणूस आहे.”