मी सांदण उतरलो

आमचे गाव साम्रद. ते अकोले तालुक्यात, रतनगडाजवळ आहे. आमच्या गावाला सांदण आहे. सांदण म्हणजे कातळातली खोल, अरुंद घळ. पावसाळ्यात तिच्यातून धो धो पाणी वाहते. तेव्हा कोणी आत उतरत नाही.

डिसेंबरात एका रविवारी बाबा पाहुण्यांना घेऊन निघाले. मी हट्ट धरला. आई नको म्हणत होती, पण बाबांनी नेले. आत ऊन येत नाही. एका ठिकाणी पाणी माझ्या कमरेला लागले. लई गार होते.

पुढे सुमारे ४५ फूट उंच कडा लागला. बाबांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला. आठाच्या आकड्यासारख्या कडीतून दोर ओवला. दोर कडीला घासतो, म्हणून माणूस सावकाश उतरतो. उजव्या हाताने दोर मागे ओढून धरला की थांबतो.

मी खाली बघितले अन् पाय लटलट कापायला लागले. मी रडलो. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "पाय कड्याला लाव अन् मागं रेल. खाली काकानं दोर धरलाय." मग मी हळूहळू उतरलो.

शाळेत मी सांगितले, मला मुळीच भीती वाटली नाही. ते खोटे होते. रात्री मी बाबांना विचारले, "तुम्हाला भीती वाटते का?" बाबा म्हणाले, "वाटते तर! म्हणून तर मी गाठ दोनदा बघतो."

म्हणून मी आज खरे लिहिले.