निळी फाइल

नागपूरच्या हुडकेश्वर रोडवरच्या आमच्या घरात सध्या सगळ्यांत जास्त मान आहे तो एका निळ्या फाइलला. लोखंडी अलमारीच्या वरच्या कप्प्यात, सुनेच्या शालूच्या शेजारी तिची जागा. उन्हाळ्यात कूलरची ओली हवा लागून कागद वाकू नयेत, पावसाळ्यात भिंतीची ओल लागू नये, म्हणून ती तिथे. तिला हात लावायचा तो धुऊन, कोरडा करून. स्वयंपाकघरातून उठून थेट तिला कुणी उघडत नाही. हळदीचा डाग एकदा पडला की स्कॅनमध्येही दिसतो.

माझ्या मुलाच्या ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाची ही फाइल. खरं तर अर्ज सगळा ऑनलाइन आहे, तिकडे कागद कुणी हातात घेत नाही. पण प्रत्येक कागदाची मूळ प्रत कुठेतरी असावी लागते आणि ते 'कुठेतरी' म्हणजे हिचं पोट. ती आली तेव्हा बारीक होती. आता तिचं बटण लागत नाही, वरून रबर लावावं लागतं.

स्वभावाने ती अतिशय काटेकोर. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. नागपूर विद्यापीठाच्या पदवीवर आणखी निराळी मांडणी. सुनेच्या कागदांवर तर लग्नाआधीचं एक नाव आणि नंतरचं एक. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण ही सगळी एकाच माणसाची नावं आहेत हे आपल्या गावाला माहीत असतं. फाइलला माहीत नसतं. तिला नोटरीचं शपथपत्र लागतं. दुय्यम निबंधकाचा दाखला, जन्माचा दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, प्रत्येक नोकरीतलं कामाचं पत्र. तोंडी काहीही ती मान्य करत नाही.

तिच्या पोटात सगळ्यात मोलाचं काय, असं मला कुणी विचारलं तर मी तीन निबंध दाखवीन. मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर. व्हिसाआधी इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडून शिक्षण आणि अनुभव तपासून घ्यावा लागतो. त्यासाठीच्या अहवालात आपण केलेल्या तीन कामांची हकीकत द्यायची असते, एकेक हजार ते अडीच हजार शब्दांची. अट अशी की 'आम्ही केलं' असं लिहायचं नाही. 'मी मोजमाप घेतलं, मी आराखडा केला, मी निर्णय घेतला' असंच लिहायचं. आमच्या घरात 'मी केलं' म्हणायची कुणाला सवय नाही. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यातून रात्री घरी यायचा, जेवायचा आणि कोऱ्या पानासमोर बसून राहायचा. पहिल्या निबंधात पुन्हा पुन्हा 'आमच्या टीमने' येत होतं, ते खोडून त्याने 'मी' लिहिलं. मी जन्मभर शाळेत मुलांचे निबंध तपासले. माझा स्वतःचा मुलगा दिवसभर नेमकं काय करतो, एक गिअरबॉक्स वारंवार का बिघडायचा आणि तो त्याने कसा थांबवला, हे मात्र मला त्या तीन निबंधांतून कळलं. व्हिसाचं काहीही होवो, ते कागद आता आमचे झाले.

दुसरा असाच एक कागद आहे. फॉर्म ८० नावाचा लांबलचक फॉर्म असतो, त्यात मागच्या वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या सलग लिहाव्या लागतात. मधला एकही महिना रिकामा चालत नाही. मुलाच्या हकिगतीत काही महिने नोकरी नव्हती. त्या जागी त्याने लिहिलंय की आई आजारी असल्यामुळे तिच्या शुश्रूषेसाठी घरी होतो. आमच्या घरातला सगळ्यात कठीण काळ त्या एका ओळीत आहे, आणि तो आणखी कुठेच लिहिलेला नाही. लग्नाच्या अल्बममध्ये तो येत नाही, फोनमधल्या फोटोंतही नाही. या फाइलने तो मागून घेतला आणि जपला.

आता तिच्या वाट पाहण्याबद्दल. या व्हिसात आधी इच्छा नोंदवायची, मग निमंत्रणाची वाट पाहायची, निमंत्रण आलं की साठ दिवसांत अर्ज आणि फी भरायची आणि मग निर्णयाची वाट पाहायची. म्हणजे प्रतीक्षा दोनदा. पहिलीत वय अंगावर येतं. २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ लागलं की २५, चाळिशीला १५ आणि पंचेचाळिशीला दार बंद. पासचे गुण ६५, पण बऱ्याच क्षेत्रांत तेवढ्यावर निमंत्रण येत नाही. त्या काळात आमच्या घरी वाढदिवस साजरे झाले, पण मुलाच्या वाढदिवसाला औक्षण करताना प्रत्येकाच्या मनात गुणांचा तक्ता होता.

निमंत्रण आलं ते ८ डिसेंबर २०२२च्या फेरीत. निमंत्रणाच्या दिवशी वय आणि इंग्रजीच्या परीक्षेचे गुण गोठतात, पुढे कितीही उशीर झाला तरी ते कमी होत नाहीत. आम्हाला वाटलं, सुटलो. फाइलचं खरं काम तिथून सुरू झालं. उशीर का होतो, हे मी आकडे मांडून समजून घेतलं, आणि ज्यांच्या घरी अशी फाइल आहे त्यांनीही ते समजून घ्यावं. त्या एका फेरीत मुलाच्या या स्वतंत्र (स्किल्ड इंडिपेंडंट) व्हिसासाठी ३५,००० निमंत्रणं गेली. त्या अख्ख्या वर्षासाठी, म्हणजे जुलै ते जून, या व्हिसाच्या जागा होत्या ३२,१००. शिवाय निमंत्रण जातं एका अर्जदाराला आणि जागा मोजल्या जातात डोक्यांनी. नवरा, बायको, मूल, प्रत्येकाची एक. निमंत्रण मिळालेले सगळेच अर्ज करत नाहीत हे खरं, तरीही रांग होणारच होती. पुढच्या वर्षी जागा ३०,३७५ झाल्या आणि २०२४-२५मध्ये एकदम १६,९००. त्यातच ऑक्टोबर २०२२पासून आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रांतल्या लोकांचे अर्ज आधी बघायचं ठरलं होतं. करोनानंतर त्या देशाला नर्सेस हव्या होत्या, शिक्षक हवे होते. त्यांनी त्यांना आधी घेतलं यात मला अन्याय दिसत नाही. पण हे कळेपर्यंत माझा मुलगा रोज रात्री स्वतःचीच चूक शोधत होता. कुठला कागद चुकला, कुठली तारीख चुकली. फाइल पुन्हा पुन्हा काढायचा, पुन्हा लावायचा. कागद एकही चुकलेला नव्हता.

या दुसऱ्या प्रतीक्षेत माणसाचं वय गोठलं तरी कागदांचं गोठत नाही. पोलीस क्लिअरन्स बारा महिने चालतं, वैद्यकीय तपासणीही साधारण तेवढीच. ती संपली की पुन्हा मागू शकतात. आमच्याकडे दोन्ही संपली. वैद्यकीय तपासणी पुन्हा झाली तेव्हा सूनबाईला दिवस गेले होते. त्यामुळे छातीचा एक्स-रे बाळंतपणानंतर काढायचा ठरला, आणि तेवढा वेळ अख्खी फाइल एका एक्स-रेसाठी थांबली. नात जन्मली. अर्ज प्रलंबित असताना झालेल्या बाळाची माहिती कळवून त्यालाही त्याच अर्जात घेता येतं. मग फाइलमध्ये नवीन कप्पा झाला. जन्मदाखला, पाठोपाठ पासपोर्ट. मान धरत नसलेल्या त्या जिवाचा पांढऱ्या चादरीवर निजवून काढलेला फोटो आहे त्यात. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची असते, हेही मला फाइलनेच शिकवलं.

अलमारीच्या त्याच कप्प्यात खाली एक दुसरी फाइल आहे, पुठ्ठ्याची, नाडीची. ती आमच्या प्लॉटची. नागपूरच्या दक्षिण बाजूला राहणाऱ्यांना त्याविषयी जास्त सांगायला नको. शेतजमिनीवर लेआउट पडले, माणसांनी पै पै जमवून प्लॉट घेतले, घरं बांधली आणि मग नियमितीकरणाची वाट पाहत बसले. गुंठेवारीचा कायदा आला २००१ साली. नियमितीकरणाच्या यादीतले '५७२' आणि '१९००' लेआउट हे आकडे या शहरात पोरांनाही पाठ आहेत. नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल लेटर, आलं का, डिमांडची रक्कम भरली का, हे आमच्या गल्लीत पानठेल्यावरचं बोलणं होतं. ती फाइल घेऊन मी पायऱ्या झिजवल्या, आणि एक दिवस कागद हाती आला. पण त्या वर्षांत मी घर बांधायचं थांबवलं नव्हतं. एक खोली, मग दुसरी, मग संडास-बाथरूम, मग कंपाउंड. कागद नंतर आला, घर आधी उभं राहिलं. म्हणून मुलाकडे बघताना मला काळजी वाटायची ती व्हिसाची नव्हती. त्याचं सगळं थांबलं होतं, त्याची होती.

'व्हिसा आल्यावर बघू.' हे वाक्य त्या दिवसांत आमच्या घरात मुक्कामाला होतं. फ्रिज बिघडला, व्हिसा आल्यावर बघू. कारखान्यात बढतीची संधी आली, पण जबाबदारी घेतली आणि लगेच जावं लागलं तर? सोडून दिली. वरच्या मजल्याचा स्लॅब, सुनेची नोकरी, माझ्या मोतिबिंदूचं ऑपरेशनसुद्धा. लग्नकार्यात मंडपात शिरल्या शिरल्या कुणीतरी विचारायचं, "काऊन रे, आलं का तुहं?" दुसरा म्हणायचा, "अजून नाई का बाप्पा? अमक्याच्या पोराचं तर तीन महिन्यांत झालं." विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण मुलगा पंगतीत न बसताच घरी यायला लागला, तेव्हा मला फाइलचा राग आला.

तो राग चुकीच्या ठिकाणी होता. निर्णय कुठे आणि कसे होतात त्याचा इतिहास मी वाचला तेव्हा कळलं. फेब्रुवारी २०१०मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री ख्रिस एव्हन्स यांनी जाहीर केलं की १ सप्टेंबर २००७च्या आधी देशाबाहेरून केलेले सुमारे २०,००० अर्ज फी परत देऊन निकाली काढले जातील. कॅनडाने २०१२मध्ये कायदाच करून २७ फेब्रुवारी २००८च्या आधीचे कुशल कामगारांचे अर्ज बंद केले, त्यात कुटुंबं धरून जवळपास २,८०,००० माणसं होती. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली, परीक्षा पास झालेली, कागद पूर्ण असलेली माणसं. अमेरिकेत नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के. त्यामुळे तिथे नोकरी करणारी आपली मुलं स्वतःच्या मुलींच्या पाठवण्या करण्याच्या वयापर्यंत रांगेत असतात. यातल्या कुणाच्याही लायकीवर तो निकाल नव्हता. उशीर म्हणजे नापास नाही आणि नकार आला तरी तो माणसाच्या कामाला नकार नाही. हे मी मुलाला समजावून पाहिलं. बापाचं ऐकून मुलाची झोप परत येत नाही.

झोप परत आणली ती सुनेने. एका रविवारी तिने फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं की ही महिन्याच्या पहिल्या रविवारी निघेल. मुदती बघू, काही कळवायचं असेल तर कळवू, खातं उघडून संदेश बघू आणि परत ठेवू. मधल्या दिवसांत कुणी खातं उघडायचं नाही. पत्र आलं तर ईमेल येतोच. पुढच्याच आठवड्यात तिने मानेवाड्याच्या एका शाळेत नोकरी धरली. वरचा स्लॅब पडला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलाने कारखान्यात पुन्हा विचारलं, आणि बढती मिळाली. त्या बढतीचं पत्र त्याने आधी फाइलमध्ये लावलं, मग मिठाई आणली.

फाइल अजून वरच्या कप्प्यातच आहे, पण तिचा दरारा कमी झालाय. नात आता 'नीई फाइल' म्हणते आणि तिच्याकडे बोट दाखवते. कधी कधी मी ती एकटाच काढतो आणि ते तीन निबंध पुन्हा वाचतो. हा लेख लिहीपर्यंत निर्णय आलेला नाही.

ज्यांच्या घरी अशी फाइल आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. निर्णय हातात येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नका, घर विकू नका. मूल झालं, नोकरी बदलली, पासपोर्ट नवा काढला, पत्ता बदलला, की लगेच कळवा. 'आत ओळख आहे, लवकर करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. एजंट घ्यायचाच तर त्याचा ऑस्ट्रेलियातला नोंदणी क्रमांक मागा, तो कुणालाही ऑनलाइन पडताळता येतो. मुदतीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. आणि आपण नातेवाईक, शेजारी, मित्र म्हणून अशा घरी गेलो तर 'आलं का?' हा प्रश्न तेवढा विचारू नका. येईल तेव्हा पहिला फोन ते आपल्यालाच करणार आहेत.