काळ्या मातीतील मडगार्ड

मराठवाड्यातील काळी माती ओली झाली की जुन्या उधारीसारखी चिकटते; रोज थोडी थोडी वाढते आणि सहजासहजी सुटत नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा मोठा रस्ता आता चांगला झाला आहे; पण त्यावरून शेताकडे वा गोदामाकडे वळले की पुन्हा तीच माती. बेसाल्ट खडकापासून बनलेली ही माती पाणी पिऊन फुगते, चाक आणि मडगार्ड यांच्यामधील फटीत साचते आणि थोड्याच अंतरात चाक फिरेनासे होते. म्हणूनच पाऊस बरसला की खेड्यापाड्यांतील सायकलस्वार मडगार्ड उतरवून ठेवीत आले आहेत. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच लातूरच्या शिवारात पावसाळ्यात चिखलातून पाय उचलत नाही, हे बाहेरच्याला खरे वाटणार नाही.

साध्या सायकलीचे मडगार्ड काढणे हे पाच मिनिटांचे काम. आता मोंढ्यातून आणि गंज गोलाईतून माल पोहोचविण्यासाठी विजेवरची सायकल घेण्याचा विचार दुकानदाराच्या मनात येतो, तेव्हा मात्र हे काम तितके सोपे राहत नाही. मागच्या चाकाच्या मध्यभागी मोटर असली, तर ती फिरताना आपल्या आसालाच उलट दिशेने पिळू पाहते. आस जागेवर राहतो तो खाचेत बसणाऱ्या खास चकतीमुळे आणि घट्ट आवळलेल्या नटामुळे. जुन्या धाटणीच्या सायकलीला मोटर बसवून घेतली असेल, तर मडगार्डच्या दांड्याही बहुधा याच नटाखाली असतात. मडगार्ड काढण्यासाठी नट सोडला आणि चकती उलटी बसली किंवा नट ढिला राहिला, तर आस गरकन फिरतो आणि त्यातून बाहेर येणारी मोटरची वायर पिळून तुटते. शंभर-दोनशे रुपयांच्या पत्र्यापायी मोटरच निकामी होते.

पुढच्या चाकाचा प्रश्न याहून गंभीर आहे. कित्येक सायकलींत पुढचे मडगार्ड आणि ब्रेक एकाच बोल्टवर टांगलेले असतात. मडगार्ड काढून बोल्ट तसाच सोडला, तर ब्रेकही हलू लागतो. सैल राहिलेली दांडी आऱ्यांत शिरली, तर चाक जागच्या जागी अडते आणि स्वार हॅण्डलवरून पुढे फेकला जातो. विजेच्या सायकलीला वजनही अधिक आणि वेगही. अर्धवट बसवलेल्या मडगार्डपेक्षा मडगार्ड नसलेले बरे, असे एखादा जाणता मिस्त्री म्हणतो ते यासाठीच.

खरी चूक मात्र काढण्यात नसून परत न बसविण्यात असते. मडगार्ड माळ्यावर जाते, वर पोती पडतात, दांड्या वाकतात, नट हरवतात आणि दसऱ्याला कोणीतरी ते तारेने बांधून टाकतो. तोवर मागचे चाक बिलबुकावर, कापडाच्या गठ्ठ्यावर आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर गढूळ पाणी उडवीत राहते. मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत हा त्यामागचा हेतू. पण 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची, ताशी 25 किलोमीटरहून कमी वेगाची, ठरलेल्या वजनमर्यादेतील आणि प्रमाणित झालेली विजेची सायकल त्या नियमांत मोटार वाहन ठरत नाही. तिला विचारणारा कोणी नाही. साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक मात्र हा फरक जाणत नाही.

काढतानाच थोडी शिस्त पाळली की पुढचे काम हलके होते. आधी बॅटरी बंद करून उतरवावी. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. चकत्यांचा क्रम पुढे कोणालाच आठवत नाही. मागच्या दिव्याची वायर ओढू नये, जोडणीपाशी धरून सोडवावी. बोल्ट त्यांच्याच भोकांत सैल फिरवून ठेवले, तर चिखलाने आटे भरत नाहीत. हिशेबाची वही जपणाऱ्या घरात नटांसाठी एक डबी सापडू नये, हे नवलच.

बसवताना बोल्टचे डोके टायरकडे आणि नट बाहेरच्या बाजूला ठेवावा. उलट झाले तर बोल्टचे टोक टायर कापते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सर्वत्र सारखे, बोटभर अंतर हवे. एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी असेल, तर दांडी वाकलेली आहे असे समजावे. मोटरची वायर आसापासून खाली लोंबत्या वळणाने न्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून थेट मोटरीत शिरत नाही. मग चाक हाताने फिरवून कान द्यावा. जरासाही घासल्याचा आवाज आला तर पुन्हा सोडावे. नव्याने आवळलेले नट पहिल्या काही दिवसांत थरथरीने सैल होतात. आठवड्याने पाना पुन्हा एकदा फिरवावा, पुढच्या चाकापासून सुरुवात करून.