बिस्किटातले लोह आणि जिभेचा कौल

झाशी म्हटले की मराठी मनाला किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. आज त्या शहरात राणीच्याच नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. २०१४च्या कायद्याने ते स्थापन झाले. तेथील बुंदेलखंड विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानही शिकवले जाते. भोवतालचा मुलूख हरभरा, मसूर आणि तिळाचा. पौष्टिक बिस्किटाचा विचार अशा ठिकाणी सहज सुचावा.

त्याची निकडही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. मग उपाय सोपा वाटतो : मैद्यात शेवग्याच्या पाल्याची पूड मिसळावी, लोह आपोआप वाढेल.

भट्टी मात्र इतकी सरळ नसते. पूड वाढली की ग्लुटेनचा वाटा घटतो, तंतू पाणी शोषून घेतात आणि बिस्किटाचा खुसखुशीतपणा बिघडतो. उष्णतेने हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निसटते व हिरवा रंग काळपट होतो. वर पाल्याचा कडवटपणा उरतोच.

म्हणून चव हीदेखील मोजावी लागते. ‘अत्यंत नावडते’ ते ‘अत्यंत आवडते’ अशी नऊ गुणांची पट्टी विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनातून आली. सैनिक जे खाणार नाही, त्याचे पोषण कागदावरच राहते, हे तिच्यामागचे व्यावहारिक शहाणपण.

समजा, ५ टक्के पूड असलेली चार बिस्किटे मूल खाते आणि १५ टक्क्यांचे एकच. पहिला गुणाकार २०, दुसरा १५. अधिक पौष्टिक बिस्किटाने कमी पोषण दिले! शिवाय वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच अंश शरीरात शोषला जातो, तो हिशेब वेगळाच.

सरासरीही फसवी असते. सर्वांनी ७ गुण दिले काय, किंवा निम्म्यांनी ९ आणि निम्म्यांनी ५ दिले काय, सरासरी तीच. ज्या मुलाला लोहाची सर्वाधिक गरज आहे, ते नेमके दुसऱ्या निम्म्यात असू शकते. आणि चाखणारे जर महाविद्यालयीन विद्यार्थीच असतील, तर त्याचे मत मोजलेच जात नाही.

तेव्हा प्रयोगशाळेतील गुणपत्रिका ही केवळ सुरुवात. खरी परीक्षा अंगणवाडीत व्हावी. पहिल्या दिवशी मुलांनी काय सांगितले ते नोंदवावे आणि महिन्याभराने ताटात किती तुकडे उरले, तेही मोजावे.