उत्तरेचा उन्हाळा

मे महिन्यात कोपरगावचा माणूस सकाळी उठला की आधी पाण्याचा विचार करतो. नळाला आता कोणत्या वारी येणार, कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, दारणा धरणात किती उरलंय. गोदावरी गावाला लागून वाहते, बेटावर शुक्राचार्यांचं मंदिर आहे, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या कचाने इथेच मिळवली असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या बेटाच्या खाली उन्हाळ्यात पात्रातले खडक उघडे पडलेले पाहताना जीव कासावीस होतो. यंदा आम्ही मित्रांनी ठरवलं, उन्हाळ्यात जिथे पाणी सुटतं तिथे जायचं. लडाखला. आणि हॉटेलं न धरता गाडीतच राहत जायचं.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. गॅरेजवाल्या मित्राने मागच्या सीटा काढल्या, दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, फळ्यांखाली पेट्या बसवल्या. बाजरीचं पीठ उन्हात लवकर कडू होतं म्हणून ज्वारीचं घेतलं. शेंगदाण्याची चटणी, कुळीथ, तांदूळ, कांदे, छोटी गॅसची टाकी, शेगडी, कुकर. मागच्या दाराशी पाण्याचे 20 लिटरचे जार. निघण्याआधी शेजारच्या आजी गाडीत डोकावून म्हणाल्या, "संसार मांडला की रे तुम्ही!" संसारच होता. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या तालुक्यात बैलगाडीवर सगळं घर लादून माणसं येतात, फडाजवळ कोपी घालतात, लेकरं त्या कोपीतच वाढतात. त्यांचं फिरतं घर पोटासाठी असतं, आमचं हौसेसाठी. गाडीत पहिल्या रात्री आडवं होताना हा फरक मनातून जाईना, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

मनमाड ओलांडून मालेगावला गिरणा लागली. पुढे शिरपूरच्या अलीकडे तापी, खलघाटला नर्मदा. नर्मदेच्या पुलावर गाडी आपोआप हळू झाली, कुणी सांगावं लागलं नाही. मग इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर आणि मुरैना-धौलपूरच्या मधली चंबळ. रस्त्यावरची गावं विसरायला होतात, नद्या विसरत नाहीत. प्रत्येक पुलावर आमचा शेतकरी मित्र काचेला नाक लावून पात्रात पाणी किती ते बघायचा. त्याची जमीन कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून इंग्रजांच्या काळात काढलेल्या कालव्यांवर आमचा तालुका उभा राहिला, पण वरच्यांची शेतं भिजून टेलपर्यंत पाणी यायचं म्हणजे काय, हे त्याच्या घराला दोन पिढ्या ठाऊक आहे.

ग्वाल्हेरहून पुढे जाताना रघुनाथराव पेशव्यांची आठवण निघणारच होती. आमच्या गावात त्यांचा वाडा आहे. 1758 च्या एप्रिलात ते लाहोरात होते, मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत गेल्या होत्या. पुढे घरातलंच राजकारण, पुतण्या नारायणराव पेशव्यांचा खून, इंग्रजांचा आश्रय, आणि 1782 च्या सालबाईच्या तहानंतर कोपरगाव. 1783 च्या डिसेंबरात ते इथेच वारले. शाळेत त्यांचं एकच रूप शिकवतात. मास्तर असलेला आमचा मित्र म्हणाला, "वाड्यात बसून त्या माणसाला उत्तरेतली कोणती नदी आठवत असेल रे?" याचं उत्तर कुठल्या बखरीत नसेल, पण प्रश्न मला मोलाचा वाटला. पराक्रम आणि अपराध दोन्ही नावावर असलेल्या माणसाकडे असंही पाहता येतं.

मनालीच्या पुढे अटल बोगदा. 9 किलोमीटरचा, समुद्रसपाटीपासून 3,000 मीटरहून उंच, 2020 च्या ऑक्टोबरात खुला झालेला. अलीकडे देवदारांचा ओला अंधार, पलीकडे लाहौलचे उघडेबोडके डोंगर. थोडं पुढे तांदी. इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि चंद्रभागा होते, तीच पुढे चिनाब. संगम दिसला तसा मागून कुणीतरी "पुंडलिक वरदे" म्हणालं आणि बाकीच्यांनी "हारी विठ्ठल" करून हात जोडले. पंढरीची चंद्रभागा म्हणजे आपली भीमा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी हात जोडले गेले.

सरचूला रात्री भात शिजेना. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, म्हणून पातेल्यातला भात उकळत राहतो पण कच्चाच. कुकर काढला तेव्हा जेवण झालं. डोकं ठणकत होतं, दम लागत होता, एकमेकांना सारखं पाणी प्यायला सांगत होतो आणि तेच पाणी जपतही होतो. गाडीत राहिल्यावर प्रत्येक तांब्या हिशेबात येतो. भांडी आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्यात विसळायची. हे आम्हाला जड गेलं नाही. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावातली माणसं आम्ही, घरोघरी बायकांनी हे शास्त्र आधीच तयार करून ठेवलंय.

त्या रस्त्याचं वेळापत्रक पाणी ठरवतं. पहाटे ओढे बारीक असतात. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारपर्यंत तेच ओढे रस्त्यावरून फेसाळत वाहतात. त्यामुळे जाणते ड्रायव्हर अंधारातच निघतात. आमच्याकडे ऊन चढलं की पाणी आटतं, इथे ऊन चढलं की पाणी वाढतं. शेतकरी मित्र एका ओढ्याच्या काठी कितीतरी वेळ उभा राहिला. "उन्हानं पाणी येतंय, गड्या," एवढंच म्हणाला.

गाटा लूप्सची 21 वळणं, पांग, मोरेचं लांबच लांब पठार, तंगलंग ला, आणि मग उतरत उतरत उपशीला सिंधू. अटकेवरची तीच ही सिंधू, फक्त इथे अंगाने लहान आणि मातकट हिरवी. तिच्या काठचं जवाचं हिरवं शेत आणि त्यामागे लगेच सुरू होणारं वाळवंट पाहिलं की पाटाचं पाणी म्हणजे काय ते कळतं. लेहला वर्षाला पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. जे पिकतं ते बर्फाच्या पाण्यावर, यूरा म्हणजे पाट आणि झिंग म्हणजे साठवण तळं, यांच्या जोरावर.

अडचण अशी की पेरणीला पाणी एप्रिल-मे मध्ये लागतं आणि उंचावरच्या हिमनद्या खऱ्या अर्थाने वितळतात जूनच्या सुमारास. यावर चेवांग नोरफेल या लडाखी सिव्हिल इंजिनिअरने 1987 पासून काम केलं. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी वळवून गावाच्या जवळ, सावलीच्या अंगाला, दगडी बांधांमागे अडवायचं. तिथे ते थराथराने गोठतं आणि खाली असल्यामुळे वसंतात लवकर वितळतं. 2015 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी 2013-14 च्या सुमारास याच विचाराला उभा आकार दिला, पाइपमधून फवारलेलं पाणी गोठवून बर्फाचा स्तूप. मला नोरफेल यांचं काम विशेष जवळचं वाटतं. दगड, उतार आणि सावली एवढ्याच सामानावर ते उभं आहे. पाझर तलाव आणि नालाबंडिंग पाहिलेल्या नगरी माणसाला ते लगेच उमगतं.

सिंधूकाठच्या एका गावात गाडी लावली. संध्याकाळी शेतात एक म्हातारेबुवा फावड्याने पाणी वळवत होते. गावाने नेमलेला छुरपोन, म्हणजे आपला पाटकरी. "जुले" म्हणून नमस्कार झाला, चहा झाला. मोडक्या हिंदीत आमच्या मित्राने त्यांना एकच गोष्ट विचारली, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं का? म्हातारेबुवा काही न बोलता उठले आणि चालू लागले. बांधावरून त्यांच्या मागे आम्ही सगळे, चार पावलांवर धापा टाकत. एकदम टोकाला, जिथून पुढे नुसते गोटे आणि रेती, तिथे जवाचा एक वाफा होता. मित्राने त्यांच्याकडून फावडं मागून घेतलं, पँट दुमडली आणि दारं धरलं. बर्फाच्या पाण्यात पाय लाल झाले तरी हटला नाही. पाणी वाफ्याच्या शेवटच्या कोपऱ्याला लागलं तसा तो वळून आम्हाला मोठ्याने ओरडला, "आलं रे! टेलला आलं पाणी!"