तोंडाचं माप

आमच्या गाडीच्या कपहोल्डरमध्ये रोज सकाळी एक काचेची बरणी असते. थंडीत तिच्यात आल्याचा चहा, उन्हाळ्यात ताक, भारतातून कुणी आमसुलं आणून दिली असली तर कोकम सरबत. बरणी खरं तर साठवणीची. इथे अमेरिकेत बायका उन्हाळा संपता संपता टोमॅटो, पीच, काकड्या शिजवून जिच्यात वर्षाची बेगमी करतात, ती मेसन जार. मध्यंतरी कॅफेंमध्ये ह्याच बरण्यांतून लिंबूपाणी देऊन चार पैसे जास्त लावायची टूम निघाली होती. ती आली तशी बरीचशी ओसरलीही. माझी बरणी त्या टुमेतून आलेली नाही. कागदी कपांचा मला कंटाळा आला होता आणि स्टीलच्या थर्मासला वास यायला लागला होता, एवढंच.

वास थर्मासला नसतो, त्याच्या झाकणातल्या रबरी कड्याला असतो. ब्लॅक कॉफी पिणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक नाही. दूध, साखर, आलं, वेलची घालून उकळलेला चहा त्या कड्याच्या खोबणीत जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी प्यायलं तरी कालच्या चहाची आठवण येते. कागदी कपाचं म्हणाल तर तो नुसता कागदाचा नसतोच. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही, आणि म्हणूनच तो रद्दीतही सहज जात नाही. घर ते ऑफिस तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. रोज एक कप पिऊन टाकायचा आणि रोज एक कचऱ्यात टाकायचा, हे मला पटेना.

आम्ही राहतो ते गाव मन्सी, इंडियाना. बरणीच्या बाबतीत ह्या गावाला तीर्थक्षेत्रच म्हणायला हवं. बॉल आडनावाचे पाच भाऊ न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात काचेच्या बरण्या करत होते. इंडियानात जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडला, भट्टीसाठी फुकटात इंधन आणि वर जमीन देऊ असं मन्सीने सांगितलं, आणि १८८७मध्ये भावांनी कारखाना इथे हलवला. वायू काही वर्षांत संपला. कारखाना मात्र टिकला आणि अमेरिकेतल्या घराघरांत ‘बॉल’ ही वळणदार अक्षरं पोचली. जुन्या बरण्यांचा तो प्रसिद्ध निळसर रंगसुद्धा इंडियानाचाच. मिशिगन सरोवराच्या काठी हूझियर स्लाइड नावाची वाळूची एक प्रचंड टेकडी होती, कित्येक मजली इमारतीएवढी उंच. तिची वाळू वाघिणींत भरभरून काचकारखान्यांकडे गेली. १९२०च्या सुमारास टेकडी संपली. अख्खी टेकडी लोकांच्या तळघरांत बरण्या होऊन बसली आहे, असं म्हणायला हरकत नाही. गावातलं विद्यापीठही बॉल कुटुंबाच्या नावाचं आहे; बंद पडलेल्या एका कॉलेजची जागा आणि इमारती विकत घेऊन त्यांनी १९१८मध्ये त्या राज्याला दिल्या. आता इथे बरण्या होत नाहीत. कंपनीचं मुख्यालयही १९९८मध्ये कोलोरॅडोला गेलं.

मला पहिलं खोकं मिळालं ते शेजारच्या आजींकडून. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी सतावलेल्या. तळघराच्या पायऱ्या उतरवत नाहीत म्हणून त्यांनी साठवणीचं काम थांबवलं आणि बरण्या वाटायला काढल्या. मी आपली लोणच्यासाठी म्हणून घेतल्या. खोकं माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, “झाकण गंजलं तर खुशाल फेक. बरणी फेकू नकोस. झाकणं वाण्याकडे मिळतात.”

वाण्याकडे म्हणजे इथल्या सुपरमार्केटात. आणि खरंच मिळतात! मी जाऊन पाहिलं तर मिठाच्या शेजारच्या फडताळात नुसत्या झाकणांची खोकी लावलेली. आजींच्या बरण्यांतल्या काही माझ्या जन्माच्या आधीच्या होत्या, झाकण परवा कारखान्यातून आलेलं, आणि ते असं चपखल बसलं की मी दुकानातून परत येऊन ते तीन-चारदा उघडून-लावून पाहिलं. मला ह्या बरणीचा लळा लागला तो तिथे.

झाकण असं चपखल बसण्याचं मूळ १८५८ सालात आहे. जॉन लँडिस मेसन नावाच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने त्या वर्षी ३० नोव्हेंबरला पेटंट घेतलं. त्याआधी बरणीचं तोंड बंद करायचं तर बूच ठोका, लाख ओता, मेण लावा, असे उद्योग असत. मेसनने काचेच्या गळ्यावरच आटे पाडले आणि आट्यांचं पत्र्याचं झाकण बसवलं. आज ऐकताना ह्यात काय मोठं असं वाटतं, पण काचेत एकसारखे आटे पाडणं, तेही झाकण काठाशी अडकू न देता, हे तेव्हा जमत नव्हतं. पेटंटची मुदत संपल्यावर जो तो बरण्या काढू लागला. अनेकांनी त्याचं नाव आणि ती तारीख काचेवर उमटवली. पैसे मात्र त्याला कुणी दिले नाहीत. १९०२मध्ये तो गरिबीतच वारला. पुढे १९१५मध्ये अलेक्झांडर केर ह्याने झाकणाचे दोन भाग केले: वर एक चपटी चकती, आणि तिला दाबून धरणारी आट्यांची कडी. हीच जोडी आजही चालते. तोंडाची मापं मुख्यतः दोन. लहान तोंडाला ७० मिलिमीटरची चकती, मोठ्याला ८६. बरणी पाव लिटरची असो की लिटरची, ह्या कंपनीची असो की त्या, चकती बहुधा ह्या दोनांपैकीच एक.

प्रवासाचा पेला म्हणून बरणी चालते ती ह्या दोन भागांच्या झाकणामुळे. चकती काढायची, तिच्या जागी घोट घ्यायला भोक असलेली दुसरी चकती ठेवायची आणि तीच कडी फिरवून घट्ट करायची. अशी ‘कपाऊ’ नावाची चकती २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्समधून बाजारात आली. नंतर स्ट्रॉच्या भोकाची, झडपेची, लाकडी, सिलिकोनची अशी पुष्कळ आली. ही चकती का लागते ते बरणीला थेट तोंड लावल्याशिवाय कळणार नाही. ओठांखाली आटे येतात. घोट घेऊन बरणी खाली केली की चहाचा एक ओघळ आट्यांच्या खाचेत थांबतो आणि पुढच्या घोटाला निवांत हनुवटीवर उतरतो. फोटोंमध्ये हा ओघळ दिसत नाही. चालत्या गाडीत उघड्या तोंडाची बरणी तोंडाला लावणं तर मी कुणालाच सांगणार नाही. आणि भोकाची चकती असलेली बरणी पिशवीत आडवी टाकायची नाही, ती सांडणारच. पिशवीतून न्यायची तर मूळची सपाट चकती, पोचल्यावर भोकाची.

आकाराचं सांगते. पाइंटची बरणी, म्हणजे साधारण ४७३ मिलिलिटरची, कपहोल्डरमध्ये उतरते. त्याच्या दुप्पट क्वार्टची असते, ती उतरत नाही; ती घरी, ताक घुसळायला. घासायला मोठं तोंड बरं, मूठ आत जाते. प्यायला लहान तोंड बरं, बर्फ नाकावर येऊन आदळत नाही. लहान तोंडाचा आणखी एक फायदा मला आमच्या ऑफिसची साफसफाई बघणाऱ्या बाईंनी सांगितला: काही ब्लेंडरची पाती ह्याच मापाच्या आट्यांवर बसतात. बरणीत दही, पाणी, मीठ, जिरं घालायचं, पातं लावून उलटी करायची, ताक तयार, वेगळं भांडं नाही. ब्लेंडरच्या कंपन्या ह्याला मान्यता देत नाहीत हे मुद्दाम सांगते, आणि गरम पदार्थावर तर हा प्रयोग मुळीच करू नये.

गावातल्या कॉफीच्या एका दुकानात मी पहिल्यांदा बरणी पुढे केली तेव्हा काउंटरवरची मुलगी गोंधळेल असं वाटलं होतं. तिने बरणी उजेडात धरली, काचेवर उठवलेल्या मापाच्या रेघा पाहिल्या आणि बारा औंसांच्या रेघेपर्यंत मोजून कॉफी ओतली. एवढा चोख हिशोब कागदी कपातही होत नाही.

पण काच ती काच. ह्या बरण्यांची काच साधी, सोडा-चुन्याची, खिडकीच्या काचेच्या जातीची. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची बोरोसिलिकेट नव्हे. तिला उष्णता सोसते, उष्णतेतला झटका सोसत नाही. आमच्या ऑफिसात एकाने फ्रिजमधून काढलेल्या बरणीत उकळती कॉफी ओतली. फटाका नाही, ठिकऱ्या नाहीत. तळ गोल कापल्यासारखा सुटून टेबलावर राहिला आणि वरची बरणी त्याच्या हातात. मला आश्चर्य वाटलं नाही, कारण मी ओगलेवाडीची.

कराडचं रेल्वे स्टेशन ज्या गावात आहे ते हे ओगलेवाडी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१६मध्ये ओगले बंधूंनी तिथे काचकारखाना काढला. तळेगावच्या पैसा फंड काचकारखान्यात शिकलेली विद्या होती, स्वदेशीचे दिवस होते. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात कुठल्या घरी नव्हता असं शोधावं लागेल. माझे आजोबा त्या कारखान्यात होते. कंदील पेटता असताना पावसाचा एक थेंब काचेवर पडला की ती तडकते, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी कळायचं. घडवलेली काच भट्टीतून काढून लगेच गार करायची नाही, तासन्‌तास हळूहळू निववायची, नाहीतर ताण आत राहतो, हे आजोबा सांगायचे. तेव्हा चहा ओतण्याआधी मी नळाच्या गरम पाण्याने बरणी विसळते, आणि उकळी बसल्यावरच चहा ओतते. इंडियानाच्या जानेवारीत पाणी भरलेली बरणी रात्री गाडीत ठेवायची नाही. पाणी गोठताना फुगतं, आणि खांदे असलेल्या बरणीत त्याला वर सरकायला जागा नसते.

गरम चहाने बरणी हातात धरवत नाही, हेही खरं. ह्यावर इथे विणलेली, कातड्याची, नाना तऱ्हेची आवरणं मिळतात. मी जुन्या लोकरी मोज्याचा पाय कापून चढवला आहे. तो बरणी घसरूही देत नाही. चहा थर्माससारखा गरम राहत नाही. अर्ध्या तासात कोमट होतो. ज्यांना दुपारी सकाळचा चहा वाफाळता हवा त्यांनी बरणीच्या नादी लागू नये. शिवाय गरम चहावर सपाट चकती घट्ट लावली तर निवताना आत पोकळी धरते आणि झाकण असं बसतं की चमच्याच्या दांड्याने काठ उचलावा लागतो. साठवणीत हाच गुण असतो, गाडीत वैताग. ताकाने आणि लिंबाने पत्र्याची झाकणं गंजतात, त्यांच्यासाठी प्लास्टिकचं झाकण घ्यावं. पोहण्याच्या तलावांवर काच नेऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. विमानतळावर रिकामी बरणी तपासणीतून जाते. पलीकडे गेल्यावर पाणी भरून घ्यायचं.

एवढं असूनही माझा कौल बरणीलाच आहे. थर्मासचं झाकण हरवलं की त्या कंपनीने तो नमुना बंद केलेला असतो आणि उत्तम स्टीलचं भांडं भंगारात जातं. २०२०मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, इथे घरोघर लोक भाज्या लावून साठवायला लागले आणि देशभर चकत्यांचा तुटवडा झाला. दुकानांत सुटी झाकणं सापडायची नाहीत. लोकांनी चकत्यांसाठी गावं पालथी घातली, पण बरण्या कुणी टाकल्या नाहीत. झाकण आज ना उद्या येणार आणि ते बसणार, ह्याची खात्री होती.

कराडला गेले की आईच्या माळ्यावर मी चक्कर मारते. तिथे जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या, लोणच्याच्या चांगल्या जाड काचेच्या बरण्या ओळीने बसल्या आहेत, निम्म्या बोडक्या. एकीचं झाकण दुसरीला लावून पाहण्यात आमची एक दुपार जाते. बसलं तर नशीब. काचेत आपण कमी नाही. शंभर वर्षांपूर्वी ओगलेवाडीत कंदिलाच्या काचा होत होत्या. कमी पडतं ते सगळ्यांनी मिळून तोंडाचं एक माप ठरवणं. ते होईल तेव्हा होईल. तोवर प्रवासासाठी म्हणून काचेची बरणी घ्यायला दुकानात जाल तेव्हा रंग आणि कडीला बांधलेला शोभेचा दोरा पाहू नका. ह्याचं नुसतं झाकण वेगळं मिळतं का, एवढं आधी विचारा. नाही म्हणाले तर बरणी परत फळीवर ठेवा.